लाल सिलिंडर भिंतीवर आहे, पण चालवता कोणाला येतो?

हिवाळ्यात मेहरूण तलावाच्या परिसरात किंवा शिवारातल्या एखाद्या मळ्यात भरताची पार्टी ठरते. पऱ्हाट्यांचा ढीग रचून त्यात वांगी भाजली जातात, भरीत घोटले जाते, पंगत बसते. जेवणे उरकली की कोणीतरी जाणते माणूस उठते आणि पायाने निखाऱ्यांवर माती लोटते. त्याला कोणी शिकवलेले नसते. माती पडली की हवा तुटते, हवा तुटली की आग मरते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते.

तेच माणूस दुसऱ्या दिवशी औद्योगिक वसाहतीत कामावर जाते. तिथे दाराशेजारी भिंतीवर लाल सिलिंडर टांगलेला असतो. तो कोणत्या आगीवर चालतो, पिन कुठे आहे, एकदा दाबल्यावर किती वेळ पुरतो, हे त्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर येते, ‘ते सुपरवायझरला माहीत.’ सुपरवायझरला विचारले तर तो म्हणतो, ‘रिफिलिंगवाले बघतात.’

माती लोटणे आणि लाल सिलिंडर चालवणे यांत तत्त्वाचा फरक नाही. पण एक गोष्ट आपण हाताने शिकलो आणि दुसरी भिंतीवर टांगून ठेवली. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. हातात धरून चालवायचे साधे अग्निशामक यंत्र आतून कसे असते, जळगावच्या उन्हात आणि इथल्या कारखान्यांत ते किती उपयोगी पडते, आणि एकही रुपया जादा न घालता ते वापरण्याची सवय कशी लावता येईल, ते पाहू या.

आग विझते, म्हणजे नेमके काय होते?

शाळेत आगीचा त्रिकोण शिकवतात. इंधन, उष्णता आणि प्राणवायू या तीन बाजू. यातली एक बाजू काढली की आग उभी राहत नाही. पुढे शास्त्रज्ञांनी त्यात चौथी गोष्ट जोडली, ती म्हणजे ज्वाळेत सतत चालणारी रासायनिक साखळी. ज्वाळेत रेणू तुटून अतिशय चपळ कण तयार होतात, ते शेजारच्या रेणूंना तोडतात, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला चालवत राहते. ही साखळी तोडली तरी ज्वाळा क्षणात विझते.

जगातले प्रत्येक अग्निशामक यंत्र या चारपैकी एक किंवा दोन गोष्टींवर घाव घालते. पाणी उष्णता पळवते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून तापून त्याची पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे २,५०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. इतक्या स्वस्तात इतकी उष्णता घेणारा दुसरा पदार्थ नाही. म्हणून लाकूड, कागद, कापूस यांवर पाणी आजही राजा आहे.

पण पाण्याचे हेच बळ उकळत्या तेलावर उलटते. एक लिटर पाण्याची वाफ साधारण १,७०० लिटर जागा घेते. पेटलेल्या कढईत पाणी ओतले की ते तेलापेक्षा जड असल्याने खाली जाते, तिथेच त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते तेल छतापर्यंत उडवते. कढई पेटली तर गॅस बंद करावा आणि वर ताट झाकावे. भरताच्या निखाऱ्यांवरची माती आणि कढईवरचे ताट एकच काम करतात.

डब्याच्या आत काय असते?

हातातल्या अग्निशामकाची पहिली ओळखीची रचना इंग्लंडच्या कॅप्टन जॉर्ज विल्यम मॅन्बी यांच्या नावावर आहे, साल १८१८. तांब्याचे भांडे, त्यात पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण आणि त्यावर दाबलेली हवा. दोनशे वर्षांनंतरही कल्पना तीच आहे. आग विझवणारा पदार्थ, त्याला बाहेर ढकलणारा दाब आणि तो दाब गरज पडेपर्यंत अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह, एवढेच.

मधल्या काळात दाब तयार करण्याची पद्धत बदलत गेली. जुन्या सिनेमागृहांत आणि सरकारी कचेऱ्यांत शंकूच्या आकाराचे लाल नळकांडे दिसायचे. त्यात खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि आम्लाची काचेची कुपी असे. वरची मूठ आपटली की कुपी फुटायची, सोडा आणि आम्लातून कार्बन डायऑक्साइड तयार व्हायचा आणि त्याच्या दाबाने पाणी बाहेर पडायचे. त्यात एक मोठी खोट होती. एकदा सुरू झाले की थांबवता येत नसे.

आज दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात दिसणारा सिलिंडर बहुतेक वेळा ‘एबीसी पावडर’चा असतो. पोलादी डब्यात बारीक पावडर आणि तिच्यावर साधारण १५ बार दाबाने भरलेला नायट्रोजन. मोटारीच्या चाकात हवा साधारण सव्वादोन बार असते, हे लक्षात घेतले की या दाबाचा अंदाज येतो. चाकाच्या जवळजवळ सातपट दाब आपण भिंतीवर टांगलेला असतो.

व्हॉल्व्हपासून एक नळी थेट तळापर्यंत गेलेली असते. मूठ दाबली की वरचा वायू पावडरीला खाली दाबतो आणि पावडर त्या नळीतून वर चढून नॉझलमधून बाहेर पडते. म्हणून हा सिलिंडर उभाच धरायचा असतो. घाईत कोणी तो काखेत आडवा धरला, तर नळीचे तोंड उघडे पडते, वायू निघून जातो आणि पावडर डब्यातच राहते.

मुठीतली पिन दोन दांड्यांना एकमेकींपासून दूर ठेवते. पिनेला बारीक प्लास्टिकचे सील असते. त्याचे काम कुलूप लावण्याचे नाही. ते तुटलेले दिसले की कोणीतरी हात लावून गेला आहे, हे कळते. पावडरच्या सिलिंडरला एकदा हात लागला तर तो पुन्हा भरावाच लागतो. थोडीशी पावडर उडवून मूठ सोडली, तरी पावडरीचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात आणि उरलेला वायू काही तासांत किंवा काही दिवसांत गळून जातो. वरून डबा भरलेला वाटतो, आत दाब नसतो.

प्रेशर गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात असला म्हणजे सगळे ठीक, असे आपण धरून चालतो. काटा फक्त दाब सांगतो. पावडर किती आहे, ती दमटपणाने गोळा झाली आहे का, नळीत माशीने घर केले आहे का, हे तो सांगत नाही. म्हणून दर काही महिन्यांनी सिलिंडर काढून हलवून पाहणे, वजन करणे आणि नॉझल तपासणे ही कामे कागदावर नव्हे, हाताने करायची असतात.

पिवळसर धूळ आग कशी मारते?

एबीसी पावडरीत मुख्य घटक मोनोअमोनियम फॉस्फेट असतो. खतांच्या दुकानात मिळणाऱ्या फॉस्फेट खतांच्याच कुळातला. दमटपणा लागू नये म्हणून त्याच्या कणांवर सिलिकॉनचा लेप असतो.

ही पावडर दोन कामे करते. ज्वाळेत शिरल्यावर तिचे कण रासायनिक साखळीतल्या चपळ कणांना पकडतात आणि ज्वाळा खाली बसते. दुसरे काम घन पदार्थांवर होते. तापलेल्या पृष्ठभागावर पावडर वितळून काचेसारखा चिकट थर तयार होतो आणि हवा तुटते. जुन्या ‘बीसी’ पावडरीत खाण्याच्या सोड्याच्या कुळातला पदार्थ असतो. तो तेलावर चांगला चालतो, पण हा काचेचा थर देत नाही. म्हणून लाकूड-कागदासाठी तो पुरत नाही.

पण पावडर थंड करत नाही. वरची ज्वाळा गेली, तरी आतला निखारा गरम राहतो आणि काही मिनिटांनी आग पुन्हा डोके वर काढू शकते. खान्देशात ही गोष्ट विसरून चालणार नाही. कारण आपल्याकडे कापूस आहे.

कापूस, डाळ, चटई: आपली आग कोणत्या वर्गातली?

भारतीय मानकांत आगीचे वर्ग अक्षरांनी ओळखले जातात. ‘ए’ म्हणजे लाकूड, कागद, कापड असे घन पदार्थ. ‘बी’ म्हणजे पेट्रोल, डिझेल, रंग, थिनर असे द्रव. ‘सी’ म्हणजे घरगुती गॅससारखे वायू. ‘डी’ म्हणजे मॅग्नेशियमसारखे धातू. इथे एक गफलत नेहमी होते. इंटरनेटवरची बरीच माहिती अमेरिकेतली असते आणि तिथे ‘सी’ म्हणजे विजेच्या उपकरणांची आग. मोबाइलवर अमेरिकी तक्ता पाहून इथल्या सिलिंडरचे लेबल वाचू नका. आपल्याकडे विजेसाठी वेगळे अक्षर शोधण्यापेक्षा लेबलवर ‘वीज चालू असलेल्या उपकरणांवर वापरता येईल’ असा खुलासा आहे का, ते पाहावे.

आता मेहरूणच्या अवतीभवती पाहू. जळगावची औद्योगिक वसाहत चटई, प्लास्टिकचे पाइप आणि डाळ यांसाठी ओळखली जाते.

चटई बनते ती पॉलिप्रॉपिलिनची. घन असल्याने तिला ‘ए’ वर्ग म्हणावेसे वाटते. पण साधारण १६० अंशांच्या पुढे ती वितळते आणि जळते थेंब गळत खाली डबके करतात. म्हणजे आग सुरू होते ‘ए’सारखी आणि पसरते ‘बी’सारखी. एक किलो पॉलिप्रॉपिलिन जळताना एक किलो लाकडाच्या साधारण अडीच पट उष्णता देते. एवढी उष्णता शोषायला १६-१७ लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हावी लागेल. गोदामात टनावारी माल असतो. हा हिशेब मांडला की कळते, चटईच्या गोदामात हातातला सिलिंडर फक्त सुरुवातीच्या क्षणांसाठी आहे.

डाळ मिलमध्ये धोका वेगळा. तिथे टरफलांची बारीक धूळ सगळीकडे बसलेली असते. साचलेली धूळ सावकाश धुमसते, पण हवेत उडालेली धूळ एकदम भडकू शकते. अशा ठिकाणी सिलिंडरचा जोराचा झोत थेट धुळीच्या थरावर मारला तर आपणच धुळीचा ढग तयार करतो. तिथे पाण्याची हलकी फवारणी बरी, आणि रोजची झाडलोट त्याहून बरी.

कापसाच्या गठाणीत आग पोटात शिरते. बाहेरून राखेचा पापुद्रा, आत निखारा. पावडरीने ज्वाळा बसते आणि लोक ‘विझली’ म्हणून पाठ फिरवतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या गठाणींना आग लागली. त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. जवानांनी तासन्तास पाणी ओतले, तरी आगीचे मूळ हाती लागले नाही. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. आपण त्या सप्ताहात फोटो काढतो. कापसाची आग कशी धोका देते, हा त्यातला धडा मात्र जिनिंगच्या आवारात क्वचितच सांगितला जातो.

घरापुरते बोलायचे तर गॅस गळतीला पेट लागल्यास आधी रेग्युलेटर बंद करणे महत्त्वाचे. गॅस चालू ठेवून नुसती ज्वाळा विझवली, तर गॅस खोलीत साठतो आणि पुढची ठिणगी स्फोट घडवते. इलेक्ट्रिक स्कूटरच्या लिथियम बॅटरीवर पावडर मारून ज्वाळा खाली येईल, पण बॅटरीच्या आतली अभिक्रिया थांबत नाही. ती थंड करायला भरपूर पाणी आणि वेळ लागतो. ते काम बंबाचे आहे. आपले काम म्हणजे बॅटरी जिन्याखाली किंवा दारात चार्जिंगला न लावणे, म्हणजे पेटलीच तर वाट मोकळी राहील.

जळगावच्या उन्हात कार्बन डायऑक्साइडचे काय होते?

बँकेत, सर्व्हर रूममध्ये, विजेच्या पॅनलजवळ दिसतो तो काळ्या कर्ण्याचा सिलिंडर. त्यात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. तो काहीही मागे ठेवत नाही, म्हणून महागड्या उपकरणांसाठी चांगला. २० अंशांना त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो. पावडरच्या डब्याच्या जवळजवळ चौपट. म्हणून त्याचे पोलाद जाड असते आणि उचलायला तो जड वाटतो.

आता आपल्या मे महिन्याचा विचार करा. पारा ४४-४५ अंशांवर जातो. पावडरच्या डब्यातला नायट्रोजन साधा वायू आहे. २७ अंशांना १५ बार असलेला दाब ४५ अंशांना जेमतेम १६ बार होतो. चिंता करण्यासारखे काही नाही.

कार्बन डायऑक्साइड असा वागत नाही. ३१ अंशांच्या पुढे तो द्रव राहूच शकत नाही. द्रव आणि वायू यांतला भेदच नाहीसा होतो आणि बंद डब्यात दाब झपाट्याने चढतो. नियमानुसार भरलेल्या सिलिंडरमध्येही ४५ अंशांना तो १०० बारच्या वर जातो. म्हणून हे सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत आणि त्यांना ठरावीक दाबाला फुटणारी सुरक्षा चकती असते. चकती फुटली तर वायू निघून जातो, डबा वाचतो. रिफिलिंग करताना कोणी ‘थोडा जास्त भरून दिला’ तर तो उपकार नाही. पत्र्याच्या शेडखाली, दुपारच्या उन्हात तो धोका आहे.

या सिलिंडरला गेज नसते. आत किती आहे हे वजनावरूनच कळते. मूळ भरतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घट आली, तर तो पुन्हा भरायचा. तुमच्या कार्यालयातला असा सिलिंडर शेवटचा काट्यावर कधी ठेवला होता, हे विचारून पाहा.

वापरतानाची एक खबरदारी. बाहेर पडताना वायू एकदम फुगतो आणि इतका थंड होतो की त्याचा काही भाग उणे ७८ अंशांच्या बर्फासारखा होतो. कर्ण्याला उघड्या हाताने धरले तर कातडी चिकटते. त्याची मूठ धरावी. आणि साडेचार किलोच्या एका सिलिंडरमधून अडीच हजार लिटरच्या आसपास वायू निघतो. लहान बंद खोलीत तो माणसाचाही श्वास तोडतो. मारा आणि बाहेर या, दार ओढून घ्या.

आठ ते पंधरा सेकंद

मी इंजिनिअर आहे. चार वर्षे ज्या प्रयोगशाळांत काढली, तिथल्या प्रत्येक दाराशी लाल सिलिंडर होता. एका प्रयोगशाळेत तो कपाटाच्या मागे होता. प्रवाहाचे समीकरण मी पाठ म्हणून दाखवू शकत होतो, पण पिन कोणत्या बाजूने ओढायची हे मला माहीत नव्हते. कोणी विचारलेही नाही. परीक्षेत ते नव्हते.

हा लेख लिहिण्याआधी एका रिफिलिंग करणाऱ्या कारागिराच्या आवारात मी मुदत संपत आलेला चार किलोचा सिलिंडर चालवून पाहिला. लोखंडी घमेल्यात थोडे डिझेल पेटवले होते. मी पिन न ओढताच मूठ दाबली. मग पिन ओढली, पण नेम धरला तो उंच ज्वाळेवर, कारण डोळ्यांना तीच दिसते. पावडर ज्वाळेच्या आरपार पलीकडच्या भिंतीवर गेली. कारागीर शांतपणे म्हणाला, ‘दादा, शेंड्याला काय मारता, बुडाला मारा.’ तोवर अर्धा सिलिंडर संपला होता. उरलेल्या अर्ध्यात मी बुडाशी, घमेल्याच्या काठावर, एका बाजूकडून दुसरीकडे झाडू फिरवावा तसा झोत फिरवला. ज्वाळा तीन सेकंदांत गेली.

आपल्या नेहमीच्या सिलिंडरचे आयुष्य एवढेच असते. आकारानुसार साधारण आठ ते पंधरा सेकंद. त्यातले पाच सेकंद पिन शोधण्यात आणि पाच शेंड्यावर मारण्यात गेले, तर उरले काय? म्हणून चार गोष्टी पाठ हव्यात. पिन ओढा. दोन-अडीच मीटरवर उभे राहून बुडाशी नेम धरा. मूठ दाबा. झाडू फिरवल्यासारखा झोत फिरवा. वारा पाठीशी आणि बाहेर पडायचे दारही पाठीशी. आग आणि दार यांच्यामध्ये तुम्ही, कधीही आग आणि भिंत यांच्यामध्ये नाही.

कधी सोडून पळायचे?

सिलिंडर हे शौर्याचे साधन नाही. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, धूर कमी असेल आणि मागे वाट मोकळी असेल, तरच थांबायचे. एक सिलिंडर संपूनही आग उभी असेल तर दुसरा शोधू नका. माणसांना हाका मारा, विजेचा मुख्य खटका पाडा, १०१ किंवा ११२ फिरवा आणि बाहेर पडा.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळच्या वाघाडी येथे रसायन कारखान्यात स्फोट झाले, किमान १२ जणांचा जीव गेला. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, आठ जण गेले. अशा घटनांवर भिंतीवरचा सिलिंडर हे उत्तर नाही. तिथे साठवणूक, बाहेर पडायच्या वाटा, झोपायच्या जागा आणि तपासणी यांचे प्रश्न आहेत. ‘आमच्याकडे सिलिंडर आहेत’ हे वाक्य त्या प्रश्नांवर झाकण म्हणून वापरले जाऊ नये.

आणि एक घटना आपल्याच जिल्ह्यातली, जिथे आग नव्हतीच. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात माहेजी ते परधाडे दरम्यान पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, लोक रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान १२ जण गेले. ते आगीने नाही, आगीच्या भीतीने गेले. आगीसमोर काय करायचे हे ज्याने एकदाही हाताने केलेले नसते, त्याला पळणे हा एकच मार्ग दिसतो. सराव फक्त आग विझवायला शिकवत नाही. खरी आग कशी दिसते, धूर कुठून येतो, क्षणभर थांबून दार कुठे आहे ते कसे पाहायचे, हेही तो शिकवतो.

कायदा आहे, मग अडते कुठे?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. डिसेंबर २००८ पासून तो लागू आहे. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, असे तो स्पष्ट सांगतो. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून ‘प्रपत्र ब’ घेऊन ते द्यावे लागते. यंत्रणा सुस्थितीत आहे, असे ते प्रमाणपत्र.

कागद यंत्राबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही. सिलिंडर भरलेला आहे, असे लिहून येते. तो चालवणारा कोण आहे, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक मजल्यावर नियमाप्रमाणे सिलिंडर असूनही तिथल्या एकाही माणसाने आयुष्यात पिन ओढलेली नाही, अशी इमारत कागदावर पूर्ण सुरक्षित ठरते.

इथे आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक सिलिंडर ठरावीक मुदतीनंतर रिफिल करावा लागतो. त्या वेळी आतला दाब सोडून जुनी पावडर काढावीच लागते. आज होते काय, तर रिक्षातून कोणीतरी येतो, रिकामा होणारा सिलिंडर घेऊन जातो आणि चार दिवसांनी नवे स्टिकर लावून आणून देतो. त्याऐवजी रिफिलिंगला देण्याआधी तो तिथल्याच कामगारांच्या हातून, मोकळ्या जागेत, घमेल्यातल्या छोट्या आगीवर मोकळा करावा. पावडर तशीही जाणार आहे. ती कोणाच्या तरी हाताला सवय लावून जाऊ दे. खर्च शून्य. वेळ अर्धा तास. दहा सिलिंडर असलेल्या कारखान्यात एका फेरीत दहा माणसे तयार होतात, आणि त्यात सुपरवायझरच्या आधी यंत्रावर उभा राहणारा मजूर, रात्रपाळीचा वॉचमन आणि झाडलोट करणारी बाई यांचा नंबर लागायला हवा. कारण आग पहिल्यांदा त्यांनाच दिसते.

यासाठी नवा कायदा नको. राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाने प्रपत्रासोबत एक ओळ जोडावी: या सहामाहीत किती कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष सिलिंडर चालवला. महापालिकेच्या आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या अग्निशमन विभागांनी तपासणीला गेल्यावर सिलिंडरच्या स्टिकरआधी एका कामगाराला बोलावून ‘चालवून दाखव’ म्हणावे. आणि लेबल. बहुतेक सिलिंडरवर सूचना इंग्रजीत असतात. चटईच्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला त्या वाचता येतील, असे आपण कशावरून धरले? चित्रे असतात, पण ती अंगठ्याएवढी. शेजारी भिंतीवर मराठी-हिंदीत हातभर अक्षरांत चार ओळी रंगवायला एक डबा रंग लागतो.

महाविद्यालयांनीही स्वतःकडे पाहावे. आमच्यासारखे शेकडो अभियंते दरवर्षी बाहेर पडतात आणि याच वसाहतींत सुरक्षेच्या कागदांवर सह्या करतात. पहिल्या वर्षाच्या कार्यशाळेत कानस घासण्याआधी प्रत्येकाने एकदा पिन ओढलेली असावी.

मॅन्बींच्या तांब्याच्या भांड्यापासून आजच्या लाल डब्यापर्यंत दोनशे वर्षांत ही रचना अधिकाधिक सोपी होत गेली. पिन, मूठ, नॉझल. यापेक्षा सोपे करायला यंत्रात फारसे काही उरलेले नाही. राहिले आहे ते माणसाच्या बाजूचे काम. आज घरी, दुकानात किंवा कामावर जो सिलिंडर आहे, त्याच्यासमोर एक मिनिट उभे राहा. काटा पाहा, सील पाहा, तारीख पाहा, एकदा उचलून त्याचे वजन हाताला कळू द्या. आणि तो रिफिलिंगला जाईल तेव्हा म्हणा, ‘थांबा, आधी आम्ही चालवून बघतो.’